इंग्रजीसाठी रोजचा पाव तास

आपल्या बेटावर इंग्रजी सगळीकडे आहे आणि घरात मात्र कोठेच नाही. राष्ट्रीय सभेची अधिकृत भाषा इंग्रजी आहे. सभासदाला फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा घटनेने दिली आहे, एवढेच. सर्वोच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. सरकारी कचेरीतून येणारे पत्र, बँकेतला अर्ज, मुलांची गणिताची आणि शास्त्राची पाठ्यपुस्तके इंग्रजीत असतात. पण संध्याकाळी घरी आल्यावर बोलायचे ते क्रेओलमध्ये, वर्तमानपत्र वाचायचे ते बहुधा फ्रेंचमध्ये, आणि देवघरापुढे आरती म्हणायची ती मराठीत. २०२२ च्या जनगणनेत दर दहा माणसांपैकी सुमारे नऊ जणांनी घरची भाषा म्हणून क्रेओल सांगितली. घरात इंग्रजी बोलणारी कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजावीत अशी आहेत.

याचे मूळ इतिहासात आहे. इंग्रजांनी १८१० मध्ये फ्रेंचांकडून हे बेट घेतले, तेव्हा येथील रहिवाशांना त्यांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज राखण्याचे आश्वासन दिले. त्यामुळे समाजात फ्रेंच राहिली आणि इंग्रजी कचेरीत व शाळेत बसली. पुढे ऊसमळ्यांवर आलेल्या आपल्या वाडवडिलांनी कोकणातून मराठी आणली आणि बाहेर क्रेओल शिकली. इंग्रजी त्यांना शिकायला मिळालीच नाही. आज त्यांच्या पणतवंडांना स्कूल सर्टिफिकेटच्या परीक्षेत इंग्रजीवाचून गत्यंतर नाही. मुलगा गणितात हुशार असतो, पण प्रश्नाचे इंग्रजी कळले नाही म्हणून गुण गमावतो. मुलीला धडा समजलेला असतो, पण उत्तर लिहिताना शब्द आठवत नाहीत.

अशा वेळी आईवडील काय करतात? शिकवणी लावतात. आणि शिकवणीला वेळ हवा म्हणून पुष्कळदा पहिली कुऱ्हाड मराठीच्या वर्गावर पडते. "आधी इंग्रजी येऊ दे, मराठी मागाहून पाहू," असे म्हटले जाते. मागाहून ती पाहिली जात नाही, हे आपण सारेच जाणतो. मराठी सोडून इंग्रजी येत नाही, आणि इंग्रजी यावी म्हणून मराठी सोडावी लागत नाही, हेच या लेखात सांगायचे आहे. लागतो तो रोजचा पाव तास. तो कसा घालवावा याची एक रीत पुढे देत आहोत.

याद्या का विसरतात?

परीक्षा जवळ आली की मुले शंभर-शंभर शब्दांच्या याद्या घोकतात. शनिवारी पाठ केलेली यादी बुधवारी पुसली जाते. यात मुलांचा दोष नाही. जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये स्मरणशक्तीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरे पाठ करून ती किती वेळाने किती विसरतात, हे त्याने मोजले. तासाभरात निम्म्याहून अधिक पाठांतर निसटते आणि एका दिवसात सुमारे दोन तृतीयांश जाते, असे त्याला आढळले. पुढची गळती मात्र मंद होते. दुसरी गोष्ट त्याला दिसली ती अशी की, तीच उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा निरनिराळ्या दिवशी वाटून केली तर कमी श्रमांत अधिक टिकते.

अर्थ असलेला शब्द अर्थहीन अक्षरांइतका लवकर विसरत नाही, हे खरे. पण ज्या शब्दाचा आपल्याला उपयोगच करावा लागत नाही, तो जवळजवळ अर्थहीनच असतो. म्हणून दोन नियम. थोडे शब्द घ्या, आणि घेतलेला शब्द विसरण्याच्या बेतात आला की पुन्हा समोर आणा.

किती शब्द लागतात?

इंग्रजी शब्दकोश पाहिला की छाती दडपते. पण रोजच्या व्यवहाराला लागणारे शब्द मोजके असतात. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक पूर्वी बंगालमध्ये ढाक्याला शिक्षकांना शिकवीत असत. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून त्यांनी सोपी, पायरीपायरीने चढत जाणारी पुस्तके तयार केली. त्यांनी १९५३ मध्ये इंग्रजीतील सर्वांत उपयोगी अशा सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साधे पुस्तक वाचायचे किंवा पत्र लिहायचे, तर त्यातील बहुतेक शब्द या यादीत सापडतात.

आता हिशेब करा. रोज पाच नवे शब्द, सोमवार ते शनिवार, म्हणजे आठवड्याला तीस. रविवारी नुसती उजळणी. या चालीने दोन हजार शब्द सुमारे सव्वा वर्षात होतात. त्यांतील कित्येक शब्द मुलाला आधीच ठाऊक असणार, तेव्हा वेळ आणखी कमी लागेल. डोंगर दिसतो तेवढा उंच नाही.

मोठे शब्द सोपे, लहान शब्द अवघड

येथे आपल्या बेटाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यायला हवे. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर कित्येक पिढ्या तेथील दरबाराची भाषा फ्रेंच होती. त्यामुळे इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा पूर आला. म्हणूनच 'कमेन्स', 'कन्टिन्यू', 'रिटर्न', 'डिसेंड' असे लांबलचक शब्द आपल्या मुलांना चटकन कळतात. क्रेओल आणि फ्रेंच त्यांच्या कानांत असतेच. इंग्लंडच्या मुलाला जे शब्द पुस्तकी वाटतात, ते आपल्या मुलाला सोपे जातात.

अडते ते लहान शब्दांपाशी. 'गेट', 'पुट', 'टेक', 'टर्न', 'लुक', 'गिव्ह' हे शब्द एकेका अक्षराचे वाटतात, पण त्यांना दुसरा लहानसा शब्द जोडला की अर्थ पार पालटतो. 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझविणे, आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. इंग्रज माणूस बोलताना याच शब्दांवर सगळे भागवतो. आमच्या मुलाने 'एक्स्टिंग्विश' लिहिले तर ते चूक नाही. पण गोष्टीच्या पुस्तकात 'पुट आउट द फायर' आले की तो गोंधळतो.

म्हणून दर आठवड्याला एक लहान क्रियापद घ्यावे. या आठवड्यात 'लुक' घेऊ. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळ करणे. 'लुक फॉर' म्हणजे शोधणे. 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणे. 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे. 'लुक अप' म्हणजे शब्दकोशात शब्द पाहणे. 'लुक फॉरवर्ड टू' म्हणजे आतुरतेने वाट पाहणे. रोज एक घ्यावा आणि घरातलेच वाक्य करावे. आजी लहान भावाला सांभाळते: 'माय ग्रँडमदर लुक्स आफ्टर माय ब्रदर.' आम्ही गणेश चतुर्थीची वाट पाहत आहोत: 'वी आर लुकिंग फॉरवर्ड टू गणेश चतुर्थी.' पुस्तकातले वाक्य परके राहते. घरातले वाक्य विसरत नाही.

ओळखीच्या चेहऱ्याचे परके शब्द

फ्रेंचचा जसा फायदा, तसाच धोकाही आहे. काही शब्द दोन्ही भाषांत दिसायला सारखे आणि अर्थाने निराळे असतात. चेहरा ओळखीचा म्हणून मूल विश्वास टाकते आणि फसते.

फ्रेंचमधील 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचे दुकान. इंग्रजी 'लायब्ररी' म्हणजे वाचनालय. एका ठिकाणी पैसे द्यावे लागतात, दुसऱ्या ठिकाणी पुस्तक परत करावे लागते! फ्रेंच 'आक्त्युएलमां' म्हणजे सध्या. इंग्रजी 'ॲक्च्युअली' म्हणजे वास्तविक पाहता. फ्रेंच 'सांसिब्ल' म्हणजे हळव्या मनाचा. इंग्रजी 'सेन्सिबल' म्हणजे समंजस. फ्रेंच 'लेक्त्युर' म्हणजे वाचन. इंग्रजी 'लेक्चर' म्हणजे व्याख्यान. फ्रेंच 'झुर्ने' म्हणजे दिवसभराचा काळ. इंग्रजी 'जर्नी' म्हणजे प्रवास. फ्रेंच 'देसेप्सियों' म्हणजे निराशा. इंग्रजी 'डिसेप्शन' म्हणजे फसवणूक. शिक्षकांना लिहिलेल्या पत्रात 'निकालाने माझी निराशा झाली' याऐवजी 'निकालात माझी फसवणूक झाली' असे गेले, तर काय होईल याची कल्पना करा.

परीक्षेच्या बाबतीत तर हा घोटाळा नेहमीचाच. फ्रेंचमध्ये परीक्षा 'पासे' करणे म्हणजे नुसते परीक्षेला बसणे. इंग्रजीत 'पास' होणे म्हणजे उत्तीर्ण होणे. परीक्षेला बसणे यासाठी इंग्रजीत 'सिट फॉर' किंवा 'टेक' म्हणावे. नोकरीच्या अर्जात हा फरक फार महाग पडतो.

वाक्याची ठेवणसुद्धा क्रेओलमधून जशीच्या तशी उतरते. 'मो रेस वाक्वा' म्हणणारा मुलगा इंग्रजीत 'आय रेस्ट इन वाक्वा' लिहितो. 'रेस्ट' म्हणजे विश्रांती घेणे. येथे 'लिव्ह' हवे. 'मो पे आतान बीस' याचे 'आय ॲम अटेंडिंग द बस' होते. येथे 'वेटिंग फॉर' हवे. 'मो एना दूझ आं' याचे 'आय हॅव ट्वेल्व्ह इयर्स' होते. इंग्रजीत वय माणसाजवळ नसते, माणूसच तेवढ्या वयाचा असतो, म्हणून 'आय ॲम ट्वेल्व्ह इयर्स ओल्ड'. आणि 'मो दाकोर' याचे 'आय ॲम अग्री' होते. नुसते 'आय अग्री' पुरे.

जोडशब्दांतही लक्ष ठेवावे. 'डिपेंड'च्या पुढे 'ऑन' येतो, 'मॅरिड'च्या पुढे 'टू', 'पार्टिसिपेट'च्या पुढे 'इन', 'लिसन'च्या पुढे 'टू'. 'डिस्कस'च्या पुढे मात्र काहीच येत नाही. 'अबाउट' लावला की चूक. 'ॲडव्हाइस', 'फर्निचर' आणि 'इन्फर्मेशन' यांना शेवटी 'स' लावून अनेकवचन करू नये.

अशा शब्दांची एक वेगळी वही करावी. डावीकडे क्रेओल किंवा फ्रेंच वाक्य, उजवीकडे बरोबर इंग्रजी वाक्य. शाळेच्या वहीत शिक्षकांनी लाल शाईने खूण केली की ते वाक्य त्याच दिवशी या वहीत उतरवावे. प्रत्येक मुलाच्या चुका ठरावीक असतात. महिनाभराने वही चाळली की दहा-बाराच चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात. त्या दहा-बारा गेल्या की निबंधाचे रूपच पालटते.

बिस्किटांचा डबा आणि आजी

आता उजळणीची युक्ती. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये जर्मन भाषेत लिहिलेल्या एका पुस्तकात पत्त्यांची एक साधी पद्धत सांगितली. तिला खर्च असा नाही. बिस्किटांचा रिकामा डबा घ्या. पुठ्ठ्याचे तुकडे आत बसवून तीन कप्पे करा. जुन्या कागदी खोक्याचे पत्त्यांएवढे तुकडे कापा. एका बाजूला मराठीत किंवा क्रेओलमध्ये अर्थ लिहा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द आणि एक वाक्य.

नवा पत्ता पहिल्या कप्प्यात जातो. पहिला कप्पा रोज काढायचा. उत्तर बरोबर आले की पत्ता दुसऱ्या कप्प्यात. दुसरा कप्पा बुधवारी आणि शनिवारी काढायचा. तेथेही बरोबर आले की तिसऱ्यात. तिसरा कप्पा फक्त रविवारी. तेथे लागोपाठ तीन रविवार बरोबर आलेला पत्ता बाहेर काढून दोरीने बांधून ठेवावा. कोठेही चूक झाली की पत्ता परत पहिल्या कप्प्यात. यामुळे येणाऱ्या शब्दावर वेळ वाया जात नाही आणि न येणारा शब्द पाठ सोडत नाही.

"पण आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय तपासणार?" असे कित्येक आज्या म्हणतील. त्यांच्यासाठी एक सोय आहे. पत्त्याच्या मागे इंग्रजी शब्दाखाली त्याचा उच्चार देवनागरीत लिहावा. मराठीच्या वर्गात अक्षरओळख झालेली आजी तो वाचू शकते. मग संध्याकाळचा अभ्यास असा चालतो:

"बाळा, 'पुढे ढकलणे' याला काय म्हणायचे?"

"'पुट आउट', आजी."

"येथे तसे लिहिलेले नाही. पुन्हा आठव बघू."

"'पुट ऑफ'!"

"हं. आता वाक्य सांग. आणि पहिल्यांदा चुकलास, तेव्हा पत्ता मागच्या कप्प्यात."

आजीला इंग्रजीचा गंध नसला तरी चालते. तिला लागतो तो वेळ आणि थोडी शिस्त, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या आज्यांजवळ भरपूर आहेत. शिवाय देवनागरीत लिहिता लिहिता मुलाचे मराठी अक्षरही सुधारते. एकाच पाव तासात दोन्ही भाषांचे काम होते.

उच्चारांच्या बाबतीत तर मराठी थेट मदतीला येते. फ्रेंचमधला 'श' क्रेओलमध्ये 'स' होतो. खुर्चीला फ्रेंच 'शेझ' म्हणतात, आपण 'सेझ' म्हणतो. त्या सवयीने इंग्रजी 'शिप' बोलताना 'सिप' होते, म्हणजे जहाजाचा घोट होतो! 'ह' तर क्रेओलमध्ये आणि फ्रेंचमध्ये गळूनच जातो. मग 'हंग्री' आणि 'अँग्री' यांत फरक उरत नाही, आणि मुलाला भूक लागली आहे की राग आला आहे, ते कळत नाही. ज्या मुलाच्या तोंडी 'हळद', 'हात', 'शाळा', 'शेत' हे शब्द बसले आहेत, त्याला हे दोन्ही उच्चार आयते मिळालेले असतात. उलट इंग्रजीत 'व'चे दोन प्रकार आहेत. एक ओठ गोल करून, दुसरा वरचे दात खालच्या ओठाला लावून. ते मराठी अक्षरात वेगळे दाखविता येत नाहीत. तेथे फ्रेंच कामी येते. ज्या घरात तीन-चार भाषा नांदतात, त्या घरात एकीचे उणे दुसरी भरून काढते.

वाक्प्रचार : शब्दाला शब्द लावू नका

शब्द आले तरी वाक्प्रचारांवाचून भाषा अळणी लागते. पण वाक्प्रचाराला शब्दाला शब्द लावून चालत नाही. मुसळधार पावसाचेच पाहा. मराठीत मुसळाच्या धारा पडतात, फ्रेंचमध्ये दोर पडतात, आणि इंग्रजीत कुत्री-मांजरे पडतात! पाऊस एकच. ('कॅट्स अँड डॉग्ज' हा वाक्प्रचार आता जुनाट वाटतो, निबंधात 'इट रेन्ड हेव्हिली' लिहिलेले बरे.)

कधी शब्द सारखे आणि अर्थ निराळा असतो. मराठीत कोणाचे पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे. इंग्रजीत 'पुल समवन्स लेग' म्हणजे नुसती थट्टा करणे. कधी अर्थ एक आणि शब्द निराळे असतात. आपण एखाद्या गोष्टीकडे कानाडोळा करतो; इंग्रज आपला डोळा आंधळा करतो, 'टर्न अ ब्लाइंड आय'. आपण आगीत तेल ओततो, फ्रेंच माणूसही तेलच ओततो, इंग्रज मात्र 'ॲड्स फ्युएल टू द फायर', म्हणजे जळण टाकतो. आणि कधी तर तिन्ही गोष्टी तंतोतंत जुळतात. एका दगडात दोन पक्षी मारणे हे मराठीत आहे तसेच इंग्रजीत आहे.

आपल्या म्हणी येथे फार उपयोगी पडतात, कारण त्यांचा अर्थ मुलांना प्रसंगासकट ठाऊक असतो. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण ज्याला कळली, त्याला 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' निराळी समजावून सांगावी लागत नाही. 'आगीतून फुफाट्यात' म्हणजे 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इन्टू द फायर'. 'बुडत्याला काडीचा आधार' म्हणजे 'अ ड्राउनिंग मॅन विल क्लच ॲट अ स्ट्रॉ'. दर रविवारी जेवणाच्या वेळी आजोबांनी एक मराठी म्हण सांगावी आणि मुलांनी आठवडाभरात तिची इंग्रजी जोडी शोधून आणावी. क्रेओलमधली सापडली तर तीही आणावी. जेवणही रंगते आणि अभ्यासही होतो.

महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या याच वाटेने इंग्रजी शिकल्या. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घराघरांत असे. रोज थोडी मराठी वाक्ये इंग्रजीत करायची आणि इंग्रजी वाक्ये मराठीत आणायची, असा तिचा क्रम. मराठी ही त्या मुलांची अडगळ नव्हती, पायरी होती. आपल्या मुलांजवळ तर मराठीशिवाय क्रेओल आणि फ्रेंच या आणखी दोन पायऱ्या आहेत.

मोठ्या माणसांसाठी

हा पाव तास केवळ मुलांचा नव्हे. आपल्यापैकी कित्येकांना विजेचे बिल, बँकेचे पत्र, विम्याचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. ज्यावर सही करायची तो कागद स्वतःला वाचता न येणे ही मोठी लाचारी आहे. त्यावर उपाय तोच. आठवड्यातून एक कागद घ्यावा, त्यातील पाच शब्द पत्त्यांवर उतरवावेत. 'ड्यू डेट' म्हणजे पैसे भरण्याची शेवटची तारीख. 'अरिअर्स' म्हणजे थकबाकी. 'डिपॉझिट' म्हणजे अनामत रक्कम. 'विटनेस' म्हणजे साक्षीदार. 'गॅरंटॉर' म्हणजे जामीन राहणारा. हा शब्द तर सही करण्याआधी अवश्य ओळखावा. दोन महिन्यांत चाळीस शब्द होतात, आणि कचेरीतले बहुतेक कागद या शब्दांभोवतीच फिरत असतात. नातवाने आजोबांचे पत्ते तपासावेत, आजोबांनी नातवाचे.

या आठवड्याचा अभ्यास

पहिला प्रश्न. पुढील वाक्ये दुरुस्त करा. १. आय हॅव फिफ्टीन इयर्स. २. शी इज मॅरिड विथ अ टीचर. ३. वी डिस्कस्ड अबाउट द मॅच. ४. आय बॉट धिस बुक ॲट द लायब्ररी. ५. ही गेव्ह मी मेनी ॲडव्हाइसेस. ६. प्लीज एक्स्प्लेन मी द लेसन.

दुसरा प्रश्न. 'लुक'च्या पुढे योग्य शब्द घाला. १. माझी हरवलेली किल्ली मी शोधीत आहे. २. पोलीस या प्रकरणाची चौकशी करतील. ३. गरिबाला तुच्छ लेखू नये.

तिसरा प्रश्न. या म्हणींना इंग्रजी जोडी द्या. १. उथळ पाण्याला खळखळाट फार. २. कोल्ह्याला द्राक्षे आंबट. ३. एक ना धड, भाराभर चिंध्या.

उत्तरे. पहिला प्रश्न : १. आय ॲम फिफ्टीन इयर्स ओल्ड. २. 'विथ'ऐवजी 'टू'. ३. 'अबाउट' काढा. ४. 'लायब्ररी'ऐवजी 'बुकशॉप'. ५. 'मेनी ॲडव्हाइसेस'ऐवजी 'अ लॉट ऑफ ॲडव्हाइस'. ६. प्लीज एक्स्प्लेन द लेसन टू मी. दुसरा प्रश्न : १. फॉर. २. इन्टू. ३. डाउन ऑन. तिसरा प्रश्न : १. एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज. २. सावर ग्रेप्स. ३. जॅक ऑफ ऑल ट्रेड्स, मास्टर ऑफ नन.

पालकांनी उत्तरांवर कागद ठेवून मुलांकडून प्रश्न सोडवून घ्यावेत. चुकलेल्या उत्तरांचे पत्ते आजच करून डब्याच्या पहिल्या कप्प्यात टाकावेत, म्हणजे उद्याच्या पाव तासाची तयारी झाली.

आपण म्हणतो, थेंबे थेंबे तळे साचे. फ्रेंच म्हणतात, हळूहळू पक्षी घरटे बांधतो. क्रेओलमध्ये लहान कुऱ्हाड मोठा ओंडका तोडते, आणि इंग्रज म्हणतो, रोम एका दिवसात उभे राहिले नाही. चारही भाषा एकच गोष्ट सांगत आहेत. ती चारही भाषांत कळेल अशी मुले आपल्याच घरांत आहेत.